क्रोम सारखं बंद पडतंय, तीनदा टाकून झालं

पाटण_सेवाकेंद्र:
नमस्कार मंडळी. केंद्रातला डेस्कटॉप आहे: आय-थ्री, 2 जीबीच्या दोन रॅम, विंडोज 10. क्रोम दहा-पंधरा मिनिटांत पडतं. कधी एकाच टॅबवर 'ॲव स्नॅप' येतं, कधी अख्खी विंडोच गायब. महाडीबीटीचा अर्ज निम्मा भरला की हमखास. क्रोम काढून तीनदा नव्यानं टाकलं, कॅश उडवली, फरक नाही. समोर शेतकरी ताटकळत बसतात. काय बघू?

कराड_पीसी:
काढताना ब्राउझिंग डेटा पुसायची टिक केली नसेल तर जुनं प्रोफाइल (तुमच्या सेटिंग्ज, पासवर्ड वगैरेंचा साठा) तसंच राहतं आणि नवं क्रोम तेच उचलतं. त्यामुळे तीनदा टाकून काही सिद्ध होत नाही.

आधी नोंदी बघा. स्टार्टवर राइट क्लिक, इव्हेंट व्ह्यूअर, विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन. तिथं लाल खुणेच्या, 1000 क्रमांकाच्या नोंदी असतील. प्रत्येकीत कोणता प्रोग्राम पडला आणि 'फॉल्टिंग मॉड्यूल', म्हणजे ज्या फाइलपाशी तो पडला ती, कोणतं, हे असतं. क्रोमची प्रत्येक पडझड इथं येत नाही, पण बाकी काय पडतंय ते कळतं, आणि तेच महत्त्वाचं. दर वेळी ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल दिसली तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीमखालचं ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून रीलाँच करा. अँटिव्हायरसची दिसली तर तो अपडेट करा किंवा काढा.

विटा_वेब:
सोबत एक करा. उजवीकडच्या प्रोफाइलच्या गोल चित्रावरून गेस्ट विंडो उघडा आणि तिथंच काम करा. गेस्टमध्ये तुमचं प्रोफाइलही नसतं, एक्स्टेन्शनही (क्रोमला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) नसतात. तिथं अर्धा तास टिकलं तर दोष त्या दोघांपैकी एकात. मग एक्स्टेन्शन एकेक बंद करून बघा. प्रोफाइल नवं करायची वेळ आली तर आधी पासवर्ड एक्स्पोर्ट करून घ्या, आणि काम झाल्यावर ती फाइल लगेच पुसा. ती कुणालाही उघडून वाचता येते.

पाटण_सेवाकेंद्र:
गेस्टमध्येही पडलं. सहा नोंदी सापडल्या: तीन क्रोमच्या, दोन वर्डच्या, एक एक्सप्लोररची. मॉड्यूल जवळपास दर वेळी वेगळं.

मिरज_हार्डवेअर:
मग दादा, क्रोमचा पिच्छा सोडा, रॅम तपासा. वेगवेगळे प्रोग्राम वेगवेगळ्या जागी पडतात तेव्हा पहिला संशय रॅमवर. क्रोम सगळ्यांत जास्त मेमरी व्यापतं, म्हणून खराब जागेवर तेच आधी आपटतं.

सर्चमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक शोधून रीस्टार्ट करा. चाचणी सुरू झाली की एफ-वन दाबून एक्स्टेंडेड निवडा, एफ-टेननं चालू करा. फार वेळ लागतो, रात्री लावून जा.

एरर आली तर पीसी बंद, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. रॅम काढून सोनेरी पट्टीवर पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, चुरा ब्रशनं झटका. पॉलिश पेपर अजिबात नको, मुलामा जातो. पट्टीला बोट लावू नका. पाटणच्या पावसाळी दमटपणात तिथं थर धरतो, पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. बसवताना क्लिप 'टक्' वाजेपर्यंत दाबा.

तरीही एरर येत असेल तर एका वेळी एकच रॅम लावून तपासा. रॅमची जागा बदलल्यावर एरर तिच्यामागे गेली तर रॅम खराब. स्लॉटपाशीच राहिली तर मदरबोर्ड. नवी घेताना जुनीच दुकानात न्या, डीडीआर-थ्री आणि फोरची खाच वेगळ्या जागी असते.

पाटण_सेवाकेंद्र:
सिस्टीम फाइल दुरुस्तीची एसएफसी कमांड आत्ताच चालवून ठेवू का?

मिरज_हार्डवेअर:
नको, रॅम नीट झाल्यावरच. सदोष रॅममधून जाऊन दुरुस्तीच चुकीची लिहिली जाऊ शकते. एकाच 2 जीबीवर चालवावं लागलं तर दोन-तीनच टॅब ठेवा, व्हर्च्युअल मेमरी (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरची वापरतं ती जागा) ऑटोमॅटिकवर असू द्या, आणि तोवर अर्जाचं प्रत्येक पान सेव्ह करूनच पुढं जा.