रुंदीपेक्षा पाण्याचं आणि मातीचं बघा

गौताळा अभयारण्याच्या डोंगरात चालणाऱ्यांसाठी आणि घोडेस्वारांसाठी एकच वाट करायची चर्चा चालली आहे. त्यात कुणी म्हटलं, 'गौताळ्यात गुराख्यांच्या वाटा आहेतच, त्याच रुंद केल्या की घोडेही जातील', हा मुद्दा अर्धाच पटतो. रुंदी नंतरची गोष्ट. आपल्याकडच्या वाटा सरळ उताराने उतरतात, म्हणजे पावसात त्यांचे ओहोळ होतात. नवी वाट डोंगराला आडवी, वळणं घेत न्यायला हवी. शंभर मीटरला दहाएक मीटर चढ, त्याहून जास्त नको. पायऱ्या तर नकोतच. उघड्या काळ्या कातळावर नाल घसरते, तिथे मुरूम टाकावा लागेल. आणि सपाटीवरची काळी माती! ओली असताना घोडी गेली की खुरांचे खोल खळगे पडतात, ते दिवाळीनंतर विटेसारखे कडक होतात आणि चालणाऱ्याचा पाय त्यातच मुरगळतो. पावसाळ्यात त्या पट्ट्यात घोडेबंदीच बरी.

पाण्याचं मात्र कुणीच बोललं नाही. उन्हात चालणारं जनावर दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज पितं, आणि मार्चपर्यंत आपले बहुतेक ओढे कोरडे. म्हणजे मुक्काम निसर्गरम्य जागा बघून नाही, पाणी बघून ठरणार. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडी घेऊन येणाऱ्यांना विचारा, ते आधी पाणी विचारतील, मग रस्ता.

अजून एक, पाटी लावणार असाल तर: घोडा समोर आला की चालणाऱ्याने उताराच्या बाजूला उभं राहून बोलत राहावं. पाठीवरच्या मोठ्या सॅकमुळे घोड्याला चालणारा हा माणूस वाटतच नाही, आवाज ऐकला की घोडा बुजत नाही.