कार चार्जर बंद पडला म्हणून जीपीएस भंगारात? आधी टोकाचा फ्यूज बघा

खानापूरकर
काल इथं टिळकवाडी कट्टा या नावानं लिहिणाऱ्यांनी म्हटलं की गाडीतल्या जीपीएसचा, म्हणजे रस्ता दाखवणाऱ्या यंत्राचा, चार्जर बंद पडला की तो उघडत बसणं म्हणजे रिकामटेकडेपणा. तीनशे रुपयांत नवा येतो, आणि खरं तर जीपीएसच मोडीत काढून मोबाईल लावावा. वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या हातात आलेले बहुतेक 'मेलेले' चार्जर आतून शाबूत निघाले. आधी त्याच सॉकेटात दुसरा चार्जर लावा. तोही चालला नाही तर दोष बहुधा गाडीच्या फ्यूजचा किंवा सॉकेटचा, चार्जरचा नाही. दुसरा चालला, तर आपल्या चार्जरच्या टोकाची रिंग फिरवून सोडवा. आतली स्प्रिंग उडते, म्हणून अंगठा दाबून धरा. पितळी पिनेमागे काचेचा फ्यूज असतो. काचेतली तार तुटलेली किंवा काच काळी दिसली, तर तेवढाच फ्यूज बदलायचा. त्याच्या धातूच्या टोपीवर आकडा असतो, बहुतेक वेळा २ अँपिअर. तोच आकडा आणा, मोठा नको. बेळगावात गणपत गल्लीत, खडे बाजारात चहाच्या पैशांत मिळतो.

फ्यूज ठीक असेल तर वायर बघा. ती पिनेच्या मानेपाशी तुटते, कारण आपण रोज तिथंच मुरगाळतो. वायर हलवली की स्क्रीन लागते आणि विझते. तुटकी जागा कापून डाग दिला, म्हणजे सोल्डर केलं, की काम झालं.

आणि नव्या केबलचं म्हणाल, तर गार्मिन कंपनीच्या न्यूव्ही या जुन्या जीपीएसला घरातली साधी मिनी यूएसबी केबल लावून बघा. नकाशा जातो आणि कॉम्प्युटरला जोडल्याचं चित्र येऊन बसतं. मूळ कार केबलच्या पिनेत रेझिस्टर नावाचा एक बारीक भाग असतो, त्यावरून यंत्राला कळतं की ही गाडीची वीज आहे. तीनशेच्या चार्जरला तो कुठला? म्हणजे तुमचं ऐकून जुना फेकला आणि नवा आणला, तरी जीपीएस बंदच.

टिळकवाडी कट्टा
माझं नाव घेऊन लिहिलंय तर उत्तर देतो. तुम्हाला डाग देता येतो, मला येत नाही. डाग देणारा माणूस आज बाजारात शोधून दाखवा. सगळे मोबाईलची काच बदलणारे. चार्जर पुढे केला की हातात घेऊन उलटासुलटा करतात आणि म्हणतात, 'नवीन घ्या की ओ.' अर्धा दिवस त्यात घालवायचा, तर दुकान कोण बघणार?

दुसरी गोष्ट. असल्या 'दुरुस्ती'तूनच माझ्या मेव्हण्याच्या गाडीत धूर निघाला. फ्यूज मिळाला नाही म्हणून कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवली होती. वायर वितळून सीटला चिकटली. लेकरं मागं बसलेली होती. त्या दिवसापासून आमच्या घरात दुरुस्त केलेला चार्जर गाडीत जात नाही. मोबाईल लावा आणि मोकळे व्हा.

सोल्डरवाला शहापूर
चांदी गुंडाळणं ही दुरुस्ती नव्हे ओ. टोकातला फ्यूज त्या बारीक वायरीसाठीच असतोय. तो बाद केला की मागं फक्त गाडीचा फ्यूज राहतो, १० ते २० अँपिअरचा. तो उडायच्या आधी वायर जळणार, मग धूर आलाच. पण दोष चांदी लावणाऱ्याचा, उघडून बघणाऱ्याचा नाही.

आणि बाजारात माणूस नाही म्हणता, ते मनाला लागलं. आम्ही आहोत. टीव्ही-रेडिओच्या काळापासून बसलोय. तुम्ही लोक काच बदलणाऱ्याकडं जाता आणि म्हणता डाग देणारा उरला नाही.

निपाणीचा गाडीवाला
मी खानापूरकरांच्या बाजूचा न्हाई, पण नव्या चार्जरचं लई कौतुक चाललंय म्हणून सांगतो. आमच्या उसाच्या ट्रकला २४ व्होल्ट असतंय. कारचा १२ व्होल्टचा चार्जर त्यात घातला. चार्जर गेलाच, जाताजाता पुढचं यंत्रही घेऊन गेला. दाब कमी करणारा आतला स्विच शॉर्ट झाला की बॅटरीचा दाब सरळ ५ व्होल्टच्या यंत्रावर येतो, असं मिस्त्रीनं सांगितलं. तवापासून 'इनपुट १२-२४' छापलेलं बघितल्याशिवाय घेत न्हाई. स्वस्त चार्जरवर कायबी छापतात, ती गोष्ट वेगळी.

आजरा रोड
स्वस्त चार्जर लावला की आकाशवाणी सांगली ऐकू येत नाही, नुसती घरघर. काढला की स्वच्छ. मीडियम वेव्ह ऐकणाऱ्यांची कुणाला पडलीय म्हणा! बातम्या ऐकत जाणारी आमच्यासारखी माणसं अजून आहेत.

टिळकवाडी कट्टा
रेडिओ, ट्रक, सांगली... माझा मूळ प्रश्न कुणीच घेत नाही. जीपीएस हवाच कशाला? माझ्या मोबाईलमध्ये फुकट नकाशा आहे, ताजा आहे. तुमच्या जुन्या डबीत अजून राष्ट्रीय महामार्ग ४ दिसत असेल, त्याचा ४८ होऊन किती वर्षं झाली! कपिलेश्वरचा उड्डाणपूल तरी आहे का त्यात?

चोर्ला नाईट
कट्टा साहेब, रात्री चोर्ला घाटाच्या वाटेवर, जांबोटी सोडून कणकुंबीकडं या एकदा, पावसाळ्यात. रेंज जाते. मोबाईलवर निळा ठिपका असतो आणि भोवती कोरी पाटी. मी गोव्याला भाजी घेऊन जातो. धुक्यात पुढचं वळण डावीकडं की उजवीकडं हे स्क्रीनवर दिसणं म्हणजे काय, ते टिळकवाडीत बसून कळायचं नाही. जीपीएसमध्ये नकाशा आतच असतो.

टिळकवाडी कट्टा
मग मोबाईलमध्ये डाउनलोड करा की नकाशा! जीपीएसला रेंज लागत नाही, उपग्रहाची लागते. मोबाईललाही तेच उपग्रह. एवढं माहीत नसताना टिळकवाडीवर कशाला घसरता?

खानापूरकर
डाउनलोडचं बरोबर आहे, मान्य. पण तो नकाशा वेळोवेळी ताजा करावा लागतो, नाहीतर मुदत संपते. आणि घाटातल्या पोराला कोण सांगणार वाय-फाय शोध म्हणून? शिवाय रेंज नसताना मोबाईल बंद करून चालू केला की ठिपका यायला वेळ लागतो. रेंज असली की उपग्रह कुठं आहेत ते नेटवर्क सांगतं. नसली की ते उपग्रहाकडूनच ऐकावं लागतं, एकेका उपग्रहाची माहिती यायला ३० सेकंद, आणि जागा काढायला किमान चार उपग्रह. झाडीत तो सिग्नल मधेच तुटतो, की परत पहिल्यापासून.

टिळकवाडी कट्टा
तीच झाडी तुमच्या डबीवर नसते काय? तिलाही बऱ्याच वेळानं चालू केल्यावर तेवढाच वेळ लागणार.

खानापूरकर
लागतो. म्हणून तर चार्जर चालू पाहिजे! जुन्या जीपीएसची बॅटरी अर्धा तास तग धरत नाही. घाटात बंद पडला की उठून परत उपग्रह शोधा. चार्जर ही किरकोळ वस्तू नव्हे, हेच मी पहिल्या ओळीपासून सांगतोय.

चोर्ला नाईट
आणि मोबाईल काचेवर लावला की फोन येतो, नकाशा झाकतो. घाटात बायकोचा फोन उचलू की वळण घेऊ?

अनगोळ
फोन उचलूच नका ना गाडी चालवताना. दंड सोडा, जीव जातो. या मुद्द्यावर तरी भांडू नका.

टिळकवाडी कट्टा
बरं. घाटात फिरणाऱ्यानं जीपीएस ठेवावा, मी अडवत नाही. टोक उघडून फ्यूज बघण्यालाही माझी ना नाही, कारण त्यात डाग द्यावा लागत नाही. पण वायर तुटली असेल तर मी नवीच घेणार, आणि लेकरं गाडीत असताना दुसऱ्या कुणाचा डाग चालवून घेणार नाही. यावर तुम्ही कितीही लिहा.

सोल्डरवाला शहापूर
नवी घ्या, पण गार्मिन असेल तर मूळ गाडीची केबलच मागा, साधी यूएसबी नको. खानापूरकर म्हणतात ते खरं आहे, रोज कुणीतरी ते चित्र दाखवायला येतंय. आणि जुनी वायर फेकू नका. कापून बघितली तर बऱ्याचदा पिनेपासून चार बोटांवरच तुटलेली असते, पुढची सगळी चांगली. माझ्याकडं आणून ठेवा, कुणाच्या तरी कामी येईल.

निपाणीचा गाडीवाला
शहापुरात कुठल्या गल्लीत बसता? ट्रकचा एक बंद चार्जर आहे, सोमवारी बेळगावला येतोय.