मदत हवी आहे: मार खाऊन आलेल्या पेशंटशी फिजिओथेरपिस्टनं बोलावं कसं?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

प्लास्टर काढल्यावर आखडलेला हात घेऊन एक बाई आली. "न्हाणीत पाय घसरला," हे सांगितलं तिच्या नवऱ्यानं. एक्स-रेमध्ये अल्ना, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचं करंगळीच्या बाजूचं हाड, एकटीच, मधोमध मोडलेली. माणूस पडताना तळहात टेकतो, मोडतं ते बहुतेक वेळा मनगटाजवळ. असं एकच हाड मधोमध मोडलेलं दिसलं की वार झेलायला हात आडवा धरला होता का, ही शंका यायलाच हवी.

नवरा दर वेळी स्टूल ओढून शेजारी बसतो. दुखतंय का, असं मी तिला विचारते, उत्तर तो देतो. परवा त्याला फोन आला म्हणून तो बाहेर गेला, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "ताई, अजून धा दिवस बोलवा ना मला. तेवढंच घराभायेर पडणं व्हतंय." मी नुसतं "बरं" म्हणाले. त्या "बरं"नंतर मला झोप लागलेली नाही.

इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांच्या बीपीटीत, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीत, यावर एक तास शिकवल्याचं मला आठवत नाही. डॉक्टर पाच मिनिटं बघतात, आम्ही मात्र अर्धा अर्धा तास तिचा हात हातात घेऊन बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ची पुस्तिका वाचली: ऐकून घ्या, गरज विचारा, तिच्यावर विश्वास ठेवा, ती सुरक्षित आहे का बघा, मदतीपर्यंत पोचवा. महिलांसाठीची १८१ हेल्पलाइन, पीडित बायकांना मदत देणारं सखी केंद्र, घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५च्या कायद्यातले संरक्षण अधिकारी हेही माहीत आहे. अडतं ते प्रत्यक्षात. नवऱ्याला संशय येऊ न देता बाहेर कसं थांबवायचं? "व्यायामाच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबावे" अशी पाटी सगळ्यांसाठीच लावली तर? आणि नोंद कुठं करू? फाइल तर तोच घरी नेतो. १८१ कागदावर लिहून दिला आणि तो त्याच्या हाती लागला, तर मार तिलाच बसणार.

दुसरं, आमच्याकडचे एक्स-रे टेक्निशियन, लॅबवाले, मेडिकलवाले असे दहाबारा जण अर्धा दिवस बसायला तयार आहेत. मुंबईत भाभा रुग्णालयाच्या 'दिलासा' या मार खाणाऱ्या बायकांसाठीच्या केंद्रासारखं काम आहे, पण संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं असं प्रशिक्षण देणारं कुणी आहे का? नुसतं भाषण नको. नवरा शेजारी बसलेला असताना काय बोलायचं, याचा सराव करून घेणारं हवंय.

ती सोमवारी परत येईल. तोवर निदान पाटीचं तरी सांगा.