पियारडोब्याच्या धावपट्टीजवळ सापडलेल्या वस्तू ओळखायला मदत हवी

सालवन:
नमस्कार. नोकरीमुळे दोन वर्षं बिष्णुपूरला (बांकुरा जिल्हा, पश्चिम बंगाल) आहे. रविवारी सायकलने पियारडोब्याच्या जुन्या विमानतळावर जातो. सालाच्या जंगलात काँक्रीटची धावपट्टी अजून आहे, फटीफटींतून गवत वर आलंय. परवाच्या पावसाने कडेची माती वाहून गेली आणि दोन पितळी पुंगळ्या वर आल्या. एक जवळजवळ दहा सेंटिमीटर लांब, बुडावर ‘एसएल ४३’. दुसरी लहान, बुडाला बाहेर आलेली कडा. ‘के’, ‘एफ’ आणि ‘४२’ एवढंच वाचता येतं. गावात एका घरी शेळ्यांच्या गोठ्याला भोकं पाडलेल्या जाड लोखंडी पत्र्याचं दार आहे, तेही इथलंच म्हणतात. शिवाय ओढ्याच्या काठी मातीतून घागरीएवढं जाड, गंजकं नळकांडं डोकावतंय, मागे पंखासारखे पत्रे. पुढच्या रविवारी फावडं घेऊन जाणार आहे. पुंगळ्या चिंचेने घासल्या तर अक्षरं उठतील का?

वरणगावचा निवृत्त:
आधी फावड्याचं बोलतो. नेऊ नका. पंख असलेलं नळकांडं म्हणजे बॉम्ब असू शकतो. ऐंशी वर्षांत खोळ गंजते, आतली दारू तशीच राहते, आणि फ्यूजचा तर काहीच भरवसा नसतो. २०२४ मध्ये तुमच्या शेजारच्या झाडग्राम जिल्ह्यात असाच बॉम्ब सापडला होता, तो हवाई दलाने निकामी केला. लांबूनच फोटो काढा आणि आजच ठाण्यात कळवा.

आता पुंगळ्या. माझी सगळी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत काडतुसांवर गेली, त्यामुळे बूड पाहिल्याशिवाय राहवत नाही. मोठी .५० ब्राउनिंग मशीनगनची. फूटपट्टी लावा, ९९ मिलिमीटर भरेल. ‘एसएल’ म्हणजे अमेरिकेतला सेंट लुईसचा कारखाना, साल १९४३. दुसऱ्या महायुद्धात पियारडोब्याला अमेरिकेच्या ४६२ व्या बॉम्बर ग्रुपची बी-२९ बॉम्बफेकी विमानं होती, आणि त्यांच्या फिरत्या बुरुजांत याच मशीनगन. ५ जून १९४४ ला बँकॉकच्या रेल्वे वर्कशॉपवर बी-२९ चा पहिला हल्ला झाला, तो या भागातल्या तळांवरून. १९४५ च्या सुरुवातीला ही विमानं प्रशांत महासागरातल्या टिनियन बेटाकडे गेली.

पण माझा जीव अडकला तो लहान पुंगळीत. ‘केएफ’ म्हणजे किर्की फॅक्टरी, आपल्या पुण्याची खडकी! ती .३०३ रायफलीची आहे. अमेरिकन तळावर आपल्याकडच्या कामगारांच्या हातची पुंगळी! बहुधा पहाऱ्यावरच्या कुणाच्या तरी रायफलीतली.

चिंच लावू नका, पावडरही नको. मऊ ब्रश आणि साधं पाणी, बस्स. बुडाच्या मध्यावर छोटी गोल टोपी असते, तिच्यावर आघात झाला की दारू पेटते. त्या टोपीच्या मधोमध खळगा आहे ना? म्हणजे झाडलेली आहे. खळगा नसेल तर हात लावू नका. आणि टोपीभोवतीची बारीक चीर भिंगाखाली बघा. साध्या गोळीच्या .३०३ ला तिथे जांभळी लाख असायची, घासलं की तीच आधी जाते.

कंत्राटदार_मडगाव:
गोठ्याचं दार म्हणजे मार्स्टन मॅट. मऊ जमिनीवर विमानं रुतू नयेत म्हणून अशा पट्ट्या एकमेकींत अडकवून अंथरत. लांबी दहा फूट, रुंदी पंधरा इंच, वजन ३० किलो. भोकं मोजा: २९ च्या तीन रांगा, एकूण ८७. एका कडेला अडकवायचे हूक, दुसऱ्या कडेला खाचा. घरमालकाकडे मागू नका हो, शेळ्या राहू देत.

सालवन:
काका, ठाण्यात सांगून आलो. ओढ्याकाठी लाल फडकं लावलंय, गुराख्यांना तिकडे जाऊ देत नाहीत.

दाराची दोन भोकं बिजागरीखाली गेलीत, बाकी ८५ मोजली. मोठी पुंगळी बरोबर ९९ भरली. दोन्ही टोप्यांना खळगा आहे. लहानीची माती पाण्याने भिजवून दातांच्या जुन्या ब्रशने काढली. भिंगाखाली टोपीच्या डाव्या अंगाला, अर्ध्या वर्तुळात, जांभळा रंग आहे.