मदत हवी आहे : निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्यांसमोर पंचवीस मिनिटं बोलायचंय

सांजवात
नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात पुण्यात एका स्नेहमेळाव्यात मला बोलायचं आहे. समोर आयबी आणि रॉमधून निवृत्त झालेले साठ-सत्तर जण असतील. बहुतेकांचं आयुष्य सुरक्षेच्या कामात गेलेलं, कोणी व्हीआयपी दौऱ्यांआधीच्या पाहणीत, कोणी विमानतळावर, कोणी ईशान्येकडच्या सीमेवर. वयं पासष्टच्या पुढची, बरोबर घरची मंडळीही. वेळ दुपारी जेवणानंतरची.

मी शाळेत इतिहास शिकवते. मला बोलावलंय ते बाबांमुळे. बाबा त्यांच्यातलेच, दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांच्यासोबत काम केलेल्या काकांचा फोन आला, "बेटा, यंदा तू बोल. विषय तुझ्या मनाचा घे." मी हो म्हणाले आणि तेव्हापासून झोप नाही.

बाबा नेमकं काय करायचे ते मला माहीत नाही. शाळेच्या फॉर्मवर 'केंद्र सरकारी नोकरी' एवढंच लिहायचं, पुढे कोणी विचारलं तर 'बदलीची नोकरी आहे' म्हणायचं. नागपूरच्या क्वार्टरमध्ये न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. रविवारी बाबा घरातले सगळे कागद त्यात घालायचे. पत्रांची पाकिटं, वाण्याच्या यादीचे चिटोरे, माझ्या वहीची फाडलेली पानंसुद्धा. जळून झाले की उठायचे नाहीत. काडीने राख मोडत बसायचे, काळ्या राखेवर अक्षरं उमटलेली दिसतात ना, ती दिसेनाशी होईपर्यंत. मी शेजारी उकिडवी बसून बघायचे. तो मला खेळ वाटायचा.

आता भाषणाबद्दल. पहिला खर्डा बहिर्जी नाईकांपासून सुरू केला होता. सुरतेची बातमी, जालन्याच्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांना आडवाटेने पट्टागडावर पोचवणं, सगळं. मग वाटलं की हे त्यांनी प्रत्येक मेळाव्यात ऐकलं असणार, शिवाय बखरीतलं किती आणि नंतरच्या कथांमधलं किती हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येईना. दुसरा खर्डा आयबीच्या इतिहासाचा, 1887 ची सुरुवात, 1968 मध्ये तिच्यातून रॉ वेगळी झाली वगैरे. तो आठवीचा तास झाला. त्यांचा इतिहास त्यांनाच शिकवणारी मी कोण?

तिसरा खर्डा मात्र मनापासून आलाय. 11 एप्रिल 1955. एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान हाँगकाँगहून जकार्ताला निघालं. इंडोनेशियात बांडुंगला भरणाऱ्या आशियाई-आफ्रिकी देशांच्या परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी त्याच विमानाने जायचं ठरलं होतं, पण ते चढलेच नाहीत. सुमारे पाच तासांनी समुद्रावर असताना विमानात लपवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. कॅप्टन जटार यांनी पेटलेलं विमान नातुना बेटांजवळ पाण्यावर उतरवायचा प्रयत्न केला. एकोणीसपैकी सोळा गेले, जटारही गेले. वाचले तिघे : सहवैमानिक दीक्षित, नेव्हिगेटर पाठक आणि देखभाल इंजिनियर अनंत कर्णिक. तपासाच्या कामी नेहरूंनी पाठवलं ते रामेश्वरनाथ काव यांना, तेव्हा ते आयबीत होते. पुढे रॉ उभी केली तेच. तपास पोचला तो हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावरच्या एका सफाई कामगारापर्यंत. तो विमानाने तैवानला निसटला आणि कधीच हाती लागला नाही.

मला सांगायचंय ते असं, की विमान पोलिसांच्या पहाऱ्यात उभं होतं, पण फडकं घेऊन आलेल्या माणसाकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. हे लक्ष ठेवायचं काम समोर बसलेल्या लोकांनी तीस-तीस वर्षं केलंय. आणि ज्या दिवशी ते नीट झालं त्या दिवशी काहीच घडलं नाही, म्हणून त्याची बातमीही झाली नाही.

हे बरोबर पोचेल का? फसलेल्या सुरक्षेची गोष्ट त्यांना टोचणार तर नाही? बंबाचं सांगावं का? आणि शेवटी 'आता तुमच्या आठवणी ऐकू या' म्हणून माईक सभागृहात फिरवायचा विचार आहे. तो कसा वाटतो? कृपया मोकळेपणाने सांगा.

कोकणकडा
ताई, माईकचा विचार आधी सोडून द्या. 2021 मध्ये पेन्शनच्या नियमांत दुरुस्ती झाली. गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना संस्थेच्या कामाशी संबंधित काहीही प्रसिद्ध करायचं असेल तर प्रमुखांची आधी परवानगी लागते. त्यात सहकाऱ्यांची नावं, हुद्दे, नोकरीत मिळालेलं ज्ञान असं सगळं येतं. बंद सभागृहात बोलणं आणि प्रसिद्ध करणं यात फरक आहे हे खरं, पण कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतंच. माझे सासरे याच नोकरीतले. त्यांना असा माईक पुढे केला की ते चष्मा पुसत बसतात, आणि मग घरी येईपर्यंत गप्प. त्यांना अवघडवू नका. तुम्ही बोला, त्यांना ऐकू द्या. चहाच्या वेळी ते आपणहून येतील तुमच्याकडे.

निमंत्रणपत्रिकेवर बाबांचं नाव, हुद्दा, पोस्टिंग छापू देऊ नका. आयोजक उत्साहात छापतात.

जुना_इंजिनियर
विमान देखभालीत पस्तीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. काश्मीर प्रिन्सेसची गोष्ट नक्की सांगा, पण बॉम्ब कुठे होता ते सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो उजव्या पंखाखाली चाकं आत ओढली जातात त्या खोबणीत ठेवला होता. स्फोटाने तिथल्या इंधनाच्या टाकीला भोक पडलं. ती जागा प्रवाशाला दिसत नाही, वैमानिकाला बसल्या जागेवरून दिसत नाही. खाली वाकून, टॉर्च मारून, मान वर करून बघावं लागतं. आणि तिथे गेलेल्या सफाई कामगाराला 'तू इथे काय करतोस' असं कोणी विचारत नाही, कारण त्याचं कामच तिथे असतं. तुमच्या श्रोत्यांपैकी ज्यांनी विमानतळावर काम केलंय ते ही ओळ ऐकून मान हलवतील, बघा.

टोचण्याबद्दल विचारलंत. नाही टोचणार. पहारा हाँगकाँगचा होता, आपला नव्हता. आणि खरं सांगायचं तर या पेशातली माणसं चुकांवरच शिकलेली असतात, नुसत्या कौतुकाने अवघडतात. आपल्याकडे नागरी विमानतळांच्या सुरक्षेसाठी वेगळी यंत्रणा 1978 मध्ये अपहरणाच्या घटनेनंतर आली, आणि एअर इंडियाचं कनिष्क विमान 1985 मध्ये बॉम्बस्फोटाने पडल्यावर 1987 मध्ये तिला स्वतंत्र दर्जा मिळाला. प्रत्येक वेळी आधी घटना घडली, मग नियम आले. ते त्यांना माहीत आहे.

कर्णिकांना मात्र दोन मिनिटं जास्त द्या. ते आमच्या जमातीचे. पंखाला आग लागलेली असताना विमानात लाईफ जॅकेटं वाटली गेली, शिस्तीत. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी त्यात गेली. तिचंही नाव घ्या.

अबोली
माझी आई अशाच एकाची बायको. तिला कोणी कधी विचारलं नाही. मध्यरात्री फोन वाजला की ती न बोलता उठून चहा टाकायची, कुठे निघालात हे न विचारता डबा भरायची. पंचवीस मिनिटांत एक वाक्य तरी सभागृहातल्या बायकांकडे बघून बोला.

आणि हिंदी-मराठीचं काय ठरवलंत? बाहेरची मंडळीही असतील तर गोष्ट हिंदीत सांगा, बाबांचं मराठीत. बाबांचं हिंदीत आणू नका, तोंडात अडकेल.

सांजवात
सगळ्यांचे मनापासून आभार. माईक रद्द केला. आयोजकांना फोन करून पत्रिकेवर फक्त माझं नाव ठेवायला सांगितलं. जुना_इंजिनियर काका, चाकाची खोबणी आणि ग्लोरिया बेरी दोन्ही आत आले, कर्णिकांचा भागही वाढवला.

अबोली, तुमचं वाचून थांबले. आईला विचारलं काल, बाबा राख का मोडायचे हे तुला माहीत होतं का. ती म्हणाली, "तो बंब पेटवून कोण द्यायचं, मीच ना." एवढंच म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला लागली. आता भाषण तिथूनच सुरू होतंय.

काकांना खर्डा फोनवर वाचून दाखवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बंबाचं राहू दे. नागपूर तेवढं काढ."