डोकं फिरवणारी यंत्रं आणि त्यांची मॅन्युअल्स: तुमचे अनुभव लिहा

विषय साधा आहे. पैसे मोजून घरी आणलेली आणि तरी रोज छळणारी वस्तू, आणि सोबत ते मॅन्युअल ज्यात पहिली चार पानं नुसती 'विजेचा धक्का बसू शकतो' आणि आपल्याला हवं ते कुठेच नाही. सुरुवात मीच करते. आमचं इंडक्शन टचवालं. स्वयंपाक करताना हात ओला असणार हे बनवणाऱ्याच्या गावीच नाही, ओल्या बोटाला ते दाद देत नाही, आणि दूध उतू जाऊन पॅनलवर आलं की आपलं आपणच बटणं दाबल्यासारखं करतं, बीप बीप बीप. म्हणजे नेमकं बंद करायचंय तेव्हा आधी फडकं शोधा. जुन्या शेगडीचा कान पिळला की विषय संपायचा.

नाशिककर: शेगडीचं नाव काढू नका ताई! आमच्या हॉबला बर्नर चार, चौकोनात, आणि नॉब चार, एका रांगेत. कुठला कुणाचा? खाली बारकी चित्रं होती ती पुसून पुसून गेली. आता आईने नेलपॉलिशचे ठिपके दिलेत, लाल म्हणजे मागचा डावा. पाहुण्या बाईंना हे समजावून सांगेपर्यंत फोडणी जळते.

मिक्सरग्रस्त: ऐन दिवाळीत चटणी वाटताना मिक्सर गप्प. रिपेअरवाला आला, मिक्सर उलटा केला, बुडाखालचं लाल बटण दाबलं, पैसे घेऊन गेला. लोड जास्त झाला की ट्रिप होतो, मोटर जळू नये म्हणून, सोय चांगलीच आहे हो, पण मग ते बटण दिसेल असं द्या ना! मॅन्युअलमध्ये आहे म्हणे. एका ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

डोंबिवलीकर: एसीचा रिमोट. तो फक्त सिग्नल फेकतो, एसीला मिळाला की नाही त्याला पत्ता नसतो, त्यामुळे रिमोट म्हणतो २४ आणि एसी त्याच्याच तंद्रीत. वर ती चित्रं. बाबा रात्रभर थेंबावर लावून झोपले, थेंब म्हणजे गारेगार असं वाटून. तो निघाला ड्राय मोड, म्हणजे गारव्यापेक्षा हवेतला दमटपणा कमी करणारा. सकाळी म्हणे गॅस गेला, मेकॅनिकला बोलवा.

टोकियोवासी: इथल्या टॉयलेटांबद्दल बोलू का? पॅनलवर डझनभर बटणं, प्रत्येक कंपनीची चित्रं वेगळी. शेवटी २०१७ मध्ये इथल्या उत्पादकांनीच एकत्र बसून ८ चिन्हं सगळ्यांसाठी सारखी ठरवली. पण जुनी पॅनल्स आहेतच. सासरे आले होते तेव्हा स्टेशनवर त्यांनी फ्लश समजून इमर्जन्सीचं बटण दाबलं, बाहेर कर्मचारी पळत आला, आणि हे आतून मराठीत 'अहो काही नाही, काही नाही'.

सूनबाई: सगळे आहात तर सांगा, फ्रंट लोड मशीनची बटणं चालत नाहीयेत, कुलपाचं चित्र दिसतंय, आत उद्याचा युनिफॉर्म आहे.

मिक्सरग्रस्त: चाइल्ड लॉक लागलाय. ज्या दोन बटणांच्या मधे कुलूप छापलंय ती दोन्ही एकदम दाबून धरा, तीन-चार सेकंद.

सूनबाई: निघालं! पण दार उघडत नाही.

नाशिककर: आत पाणी असेल. नुसतं स्पिन लावा, आणि संपल्यावर मिनिटभर थांबा. ओढू नका, हँडल तुटतं.