डॅलसला लाईटची कंपनी कशी निवडायची? ८.४ सेंटचा प्लॅन घेऊ का?

नवा_आयर्व्हिंगकर

नमस्कार मंडळी. पुढच्या १ तारखेला आयर्व्हिंगमध्ये टू बेडरूम अपार्टमेंट घेतोय, मी, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. लीझिंग ऑफिसवाली म्हणते चावी न्यायला याल तेव्हा लाईटचं अकाउंट तुमच्या नावावर उघडल्याचा पुरावा घेऊन या. आता आमचं सगळं आयुष्य ठाण्यात गेलं, महावितरणचं बिल आलं की थोडी चिडचिड करायची आणि भरून टाकायचं, कंपनी निवडायची ही भानगडच कधी नव्हती. इथे साइट उघडली तर प्लॅनच प्लॅन, डोकं गरगरलं.

एका कंपनीचा माणूस रोज फोन करतोय. १२ महिने फिक्स्ड, ८.४ सेंट युनिटला, आजच्या आज घ्या म्हणतो. मी लेखी काहीतरी पाठवा म्हटल्यावर त्याने ईएफएल नावाचा कागद मेल केला. त्यात वर एक टेबल आहे: ५०० युनिटला २०.८ सेंट, १००० ला ८.४, २००० ला १४.२. हे असं वरखाली कसं? फिक्स्ड आहे ना मग तीन रेट कसले? खाली लिहिलंय एनर्जी चार्ज १५ सेंट, डिलिव्हरी ५ सेंट अधिक महिन्याला ४ डॉलर आणि १००० किंवा जास्त युनिट वापरले तर १२० डॉलर क्रेडिट (बिलात सूट). शिवाय क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून २०० डॉलर डिपॉझिट मागतायत. घेऊ का? आणि नाही पटला तर तीन दिवसांत कॅन्सल होतो असं ऑफिसातला एकजण म्हणाला ते खरंय का?

---

प्लेनोवाली_ताई

आधी त्या फोनवाल्याला सांग मी कळवते/कळवतो आणि फोन ठेव. आजच्या आज असं काही नसतं, प्लॅन रोज नवे येतात.

आता तू जो कागद पाठवलायस ना तोच खरा कामाचा, बाकी जाहिरात सोडून दे. टेक्सासच्या पब्लिक युटिलिटी कमिशनचा नियम आहे की प्रत्येक रिटेल कंपनीने (म्हणजे ग्राहकाला वीज विकणाऱ्या) प्रत्येक प्लॅनचं इलेक्ट्रिसिटी फॅक्ट्स लेबल (तेच तुझं ईएफएल) द्यायचंच, आणि त्यात ५००, १००० आणि २००० युनिटला सगळं धरून सरासरी किती पडतं ते छापायचंच. सगळं म्हणजे त्यांचा रेट, तारांच्या कंपनीचे पैसे, महिन्याचा ठरलेला आकार, क्रेडिट, सगळं (टॅक्स सोडून). म्हणजे तिन्ही आकडे खरे आहेत, खोटं कोणी बोलत नाहीये. फक्त फोनवाला तुला मधला एकच वाचून दाखवतोय.

गणित कर. १००० युनिट: १५० + ५० + ४ = २०४, त्यातून १२० गेले, ८४ डॉलर. झाले ८.४ सेंट. आता ९९० युनिट वापरले समज: १४८.५० + ४९.५० + ४ = २०२ डॉलर, क्रेडिट शून्य. दहा युनिट कमी वापरले म्हणून बिल ११८ डॉलरने जास्त!! आपल्याकडे महावितरणच्या स्लॅबमध्ये जास्त वापरलं की रेट चढतो, इथे नेमकं उलटं, कमी वापरणाऱ्याची चंपी. सवयीने दिवे बंद करत फिरणारी आपली माणसं यात बरोबर सापडतात.

टू बेडरूमला आठेक महिने तू १००० च्या खालीच असशील बघ.

---

केटीचा_काका

ताईंचं गणित बरोबर आहे पण क्रेडिटवाले प्लॅन सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. आमचं ह्यूस्टनजवळ केटीला चार बेडरूमचं घर आहे, गाडी घरीच चार्ज होते, जानेवारीतसुद्धा १२०० च्या खाली जात नाही. मला असाच प्लॅन फायद्याचा पडतो, दरवर्षी कागदावर मांडून बघतो. वरच्याच आकड्यांनी १२०० युनिटला १२४ डॉलर होतात. साधा प्लॅन समजा ९ सेंट एनर्जी आणि डिलिव्हरी तीच, तर १०८ + ६० + ४ = १७२. मग महिन्याला ४८ डॉलर सोडायचे कशाला. पण २००० ला दोन्ही सारखेच (२८४), आणि त्याच्या पुढे गेलात की क्रेडिटवाला परत महाग. म्हणजे १००० ते २००० ही एक पट्टी आहे, तिच्यात बाराही महिने बसत असाल तरच घ्या.

आयर्व्हिंगकर, तुमचं मात्र आठ महिने ७०० आणि उन्हाळ्याचे चार महिने १२०० धरलं तर: क्रेडिटवाला वर्षाला १६४८, साधा १५०४. मी साधा घेईन.

एक पाहून घ्या, अपार्टमेंट सगळं इलेक्ट्रिकवर आहे का, म्हणजे हीटिंग आणि गरम पाणीसुद्धा. तसं असेल तर थंडीतही बिल उडी मारतं आणि वरचं गणित बदलतं. लीझिंग ऑफिसला विचारा, सांगतात ते.

---

नवा_आयर्व्हिंगकर

बापरे ९९० चं गणित बघून बायको म्हणाली महिनाअखेरीला ड्रायर रिकामा फिरवायचा का आपण 😄

काका, हीटिंग इलेक्ट्रिकच आहे, विचारलं आत्ता. पण हे डिलिव्हरी प्रकरण काय, तारा दुसऱ्याच कुणाच्या आहेत का?

---

तारांचा_माणूस

याच क्षेत्रात काम करतो म्हणून जरा लांबण लावतो, सहन करा.

महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार अशा वेगळ्या ओळी असतात आठवतंय? तिथे तिन्ही एकाच कंपनीच्या खिशात जातात. इथे वहन आकाराची कंपनी अख्खी वेगळी काढलीये. १९९९ च्या कायद्याने ठरलं आणि १ जानेवारी २००२ पासून इथे घरगुती ग्राहकाला वीज विकणारा निवडता यायला लागला. डॅलस भागात खांब, तारा, मीटर सगळं ऑन्कॉरचं, ह्यूस्टनला सेंटरपॉइंटचं. तुम्ही रिटेल कंपनी कुठलीही घ्या, तारा त्याच, लाईट गेली तर माणूस त्यांचाच येणार. म्हणून अमक्याची वीज चांगली, तमक्याची जाते असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यायचं. आणि लाईट गेल्याची तक्रारही ऑन्कॉरकडे करायची, रिटेलवाल्याला फोन केला तर तो फक्त तोच नंबर देतो.

डिलिव्हरीचा रेट पब्लिक युटिलिटी कमिशन मंजूर करतं, रिटेल कंपन्या तो जसाच्या तसा पुढे ढकलतात, बहुतेक मार्च आणि सप्टेंबरमध्ये बदलतो. म्हणून फिक्स्ड प्लॅनवर असतानासुद्धा बिल थोडं हललं तर लगेच फसवलं म्हणू नका. फिक्स्डमध्ये एनर्जी चार्ज त्यांना मनाने वाढवता येत नाही, पण डिलिव्हरी आणि काही सरकारी आकार बदलले तर ते येतात, हे नियमातच आहे आणि ईएफएलवरही लिहिलेलं असतं.

आता ते तीन दिवस. कायद्यात आहे ते, तीन फेडरल बिझनेस दिवसांत दंडाशिवाय रद्द करता येतं, पण ते एका कंपनीकडून दुसरीकडे स्विच करताना. तुम्ही नव्या घरात नवं कनेक्शन चालू करताय, त्याला मूव्ह-इन म्हणतात, त्याला ती सवलत नाही. ऑफिसातले लोक हे नेहमी अर्धंच सांगतात. म्हणून तुम्ही सही करायच्या आधी वाचायला हवं, नंतर नाही.

---

प्लेनोवाली_ताई

हे मूव्ह-इनचं महत्त्वाचं सांगितलंत, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आणि ईएफएल एकटं नसतं, सोबत टर्म्स ऑफ सर्व्हिस आणि युअर राइट्स अ‍ॅज अ कस्टमर असे आणखी दोन कागद द्यावे लागतात त्यांना. अख्खे कोणी वाचत नाही, मीही नाही, पण ईएफएलच्या खालच्या भागातले प्रश्न तरी वाच. फिक्स्ड आहे की व्हेरिएबल (रेट बदलत राहणारा), किती महिन्यांचा, मधेच सोडला तर दंड आहे का आणि किती, बाकी काही फी आहे का, हे सगळं हो-नाही करून तिथे लिहावंच लागतं त्यांना. दंड काहींचा सरळ १५० डॉलर असतो, काहींचा उरलेल्या प्रत्येक महिन्याला २० असा. १२ महिन्यांच्या प्लॅनमधून दुसऱ्याच महिन्यात निघालास तर २०० च्या वर गेलं की.

पण घर बदललंस तर दंड लागत नाही!! नवा पत्ता आणि घर सोडल्याचा पुरावा दिला की कंपनीला दंड लावता येत नाही. भाड्याने राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, लीझ संपली म्हणून घाबरून जुना महागडा प्लॅन ओढत बसू नका.

---

ऑस्टिनकर

तुमचं वाचून बरं वाटलं, आम्हाला ऑस्टिनला हा चॉइसच नाही, शहराचीच कंपनी आहे. सॅन अँटोनिओलाही तेच. बिल येतं, भरतो, झोपतो. अगदी ठाण्यासारखं 😀

---

केटीचा_काका

ऑस्टिनकर, फ्रिस्कोच्या काही भागातही नाही चॉइस, तिथे को-ऑपरेटिव्ह आहे. आणि लबक शहर २०२४ मध्ये या मार्केटमध्ये आलं, म्हणजे उलटंही होतं.

---

नवा_आयर्व्हिंगकर

सगळ्यांचे आभार, ८.४ वाल्याला नाही म्हटलं, तो म्हणाला मग व्हेरिएबल घ्या त्याला दंडच नाही. तो घ्यावा का? आणि डिपॉझिटचं कोणी सांगितलं नाही अजून. एका साइटवर झिप कोड टाकला की ते आपल्यासाठी प्लॅन निवडून देतात तेही दिसलं.

---

तारांचा_माणूस

माणूस चिवट आहे तुमचा. व्हेरिएबलला दंड नसतो हे खरं, कारण महिन्या-महिन्याच्या प्लॅनला दंड लावायला परवानगीच नाही. पण पहिल्या महिन्यानंतर रेट कंपनीच्या मर्जीवर, आणि ऑगस्टच्या गरमीत ती मर्जी कुठल्या दिशेला जाते ते सांगायला नको. एखादा महिना काढायचा असेल तर ठीक.

फेब्रुवारी २०२१ चं हिमवादळ ऐकलं असेल. तेव्हा ग्रिडी नावाची कंपनी होती, होलसेल बाजारात जो भाव चालू असेल तोच ग्राहकाला लावायची, वर महिन्याला थोडी फी. एरवी स्वस्त पडायचं. त्या आठवड्यात होलसेल भाव मेगावॉट-अवरला ९००० डॉलरच्या कमाल मर्यादेला टेकला, म्हणजे युनिटला ९ डॉलर!! हजारो डॉलरची बिलं आली लोकांना. फिक्स्डवाल्यांचा रेट हलला नाही. कंपनी मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली आणि त्याच वर्षी कायदा झाला की घरगुती ग्राहकाला असे होलसेल भावाचे प्लॅन विकायचेच नाहीत. त्याच कायद्यात आणखी एक चांगली गोष्ट आली, फिक्स्ड प्लॅन संपायची तारीख प्रत्येक बिलावर छापायची, आणि प्लॅनच्या शेवटच्या एक तृतीयांश काळात तीन नोटिसा द्यायच्या.

त्या नोटिसा कचऱ्यात टाकू नका. संपल्यावर तुम्ही काहीच केलं नाही तर लाईट तोडत नाहीत, गुपचूप महिन्या-महिन्याच्या व्हेरिएबलवर ढकलतात आणि खरे पैसे तिथेच कमावतात. शेवटच्या १४ दिवसांत दुसरीकडे गेलात तर दंड नाही, तेव्हाच उडी मारायची.

डिपॉझिट: मागू शकतात, नव्याने आलेल्या सगळ्यांकडून मागतात, मनाला लावून घेऊ नका. पण मर्यादा आहे, वर्षाच्या अंदाजे बिलाचा पाचवा हिस्सा किंवा पुढच्या दोन महिन्यांचं अंदाजे बिल, यातलं जे जास्त असेल त्याच्या वर नाही. तुमचे २०० त्यात बसतात. सलग १२ बिलं नीट भरली, म्हणजे दोनपेक्षा जास्त वेळा उशीर नाही आणि लाईट तोडायची वेळ आली नाही, की व्याजासकट परत द्यावे लागतात. डिपॉझिट नको असेल तर प्रीपेड प्लॅन आहेत, पण सारखा बॅलन्स बघत बसावं लागतं, लहान मूल घरात असताना मी तरी नाही घेणार.

झिप कोडवाली साइट म्हणजे बहुतेक ब्रोकर, २०१९ च्या कायद्यापासून त्यांना कमिशनकडे नोंदणी करावी लागते. वाईट नाहीत सगळे, पण त्यांची दलाली कंपनीकडून येते हे डोक्यात ठेवा. त्यापेक्षा कमिशनची स्वतःची पॉवर टू चूज साइट आहे तिथे बघा, फुकट आहे, किमान वापराच्या अटीवाले प्लॅन गाळून टाकायचा फिल्टर आहे, तो लावला की ८.४ वाले निम्मे पैलवान आपोआप आखाड्याबाहेर.

---

प्लेनोवाली_ताई

आणि ते फुकट रात्र, फुकट वीकेंड वाले प्लॅन दिसतील, दिवसाचा रेट बघ आधी. दिवसभर घरी मूल आणि एसी असताना रात्रीची फुकट वीज काय कामाची, सगळे कपडे रात्री बारालाच धुणार आहेस का.

---

नवा_आयर्व्हिंगकर

झालं, फिल्टर लावून १२ महिन्यांचा साधा फिक्स्ड घेतला. ईएफएल वाचलं, ५००, १००० आणि २००० ला १४.९, १४.५, १४.३, म्हणजे फार उड्या नाहीत. दंड १५० आहे. त्यांनी ईएसआय आयडी (त्या घराच्या वीजजोडणीचा ओळख नंबर) मागितला तो लीझिंग ऑफिसने दिला, लांबलचक आहे. डिपॉझिट इथे १५० च मागितलं. अजून काही करायचं राहिलं का?

---

केटीचा_काका

ईएफएलची पीडीएफ आजच सेव्ह करून ठेवा, वर्षभरात तो प्लॅन साइटवरून गायब होतो आणि मग बिलावर वाद घालायला कागद उरत नाही. माझं एकदा असंच झालं होतं, बिलात भलताच चार्ज लावला होता, पीडीएफ दाखवल्यावर दोन फोनमध्ये काढला. नाही काढला असता तर कमिशनकडे तक्रार करता येते, पण आधी कंपनीला सांगून बघायचं असतं.

आणि राहायला गेल्यावर स्मार्ट मीटर टेक्सास साइटवर अकाउंट उघडा, दर पंधरा मिनिटांचं रीडिंग दिसतं. पुढच्या वर्षी प्लॅन घेताना स्वतःचे बारा महिन्यांचे आकडे हातात असतील, मग असा कोणी फोन केला तर त्यालाच विचारायचं, माझ्या मे महिन्याच्या युनिटला किती पडतील सांग.